निवांत रविवारची तयारी शनिवारी

वाचकाचे पत्र: माझे वय ३८, मी मूळची पुण्याची. पतीच्या विमान-उद्योगातील नोकरीमुळे सव्वा वर्षापासून आम्ही फ्रान्समधील तुलूझ शहरात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. आठवड्याचे सहा दिवस बरे जातात, रविवार मात्र अंगावर येतो. दुकाने बंद, रस्ते ओस आणि आम्ही तिघे घरात. मग एक तर मी दिवसभर कपडे, आठवड्याची चिराचिरी आणि भारतातल्या नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल यांत बुडून जाते, नाही तर पती आम्हाला पहाटेच्या गाडीने कुठले तरी शहर ‘उरकायला’ नेतात. खालच्या मजल्यावरचे वृद्ध फ्रेंच दांपत्य मात्र रविवारी दुपारी बाल्कनीत तीन-तीन तास जेवत बसलेले दिसते आणि मला त्यांचा हेवा वाटतो. वसंतात पतीच्या एका सहकाऱ्याने रविवारी जेवायला बोलावले होते. चार वाजले तरी जेवण संपेना, तेव्हा आम्ही अवघडून मध्येच उठून आलो. आता खालच्या बाईंनी पुढच्या रविवारी साडेबाराला जेवायला बोलावले आहे. आम्ही शाकाहारी आहोत आणि मद्य घेत नाही. फ्रेंच लोकांसारखा रविवार निवांत घालवायला शिकता येते का? की नुसते बसून राहिले की मला जे अपराधी वाटते, तीच खरी अडचण आहे?

प्रिय ताई,

दुपारी एक ते चार दुकानाच्या फळ्या लावून वामकुक्षी घेणाऱ्यांच्या गावातून गेलेल्या व्यक्तीने रविवारी दुकाने बंद असतात म्हणून हळहळावे, हे वाचून मला आधी थोडे हसू आले. ते फार टिकले नाही, कारण पंचवीस वर्षांपूर्वी मी ल्यों शहरात शिकायला गेले तेव्हा माझा तिथला पहिला रविवार अर्धा पुडा बिस्किटे आणि नळाचे पाणी यांवर निघाला होता. शनिवारी संध्याकाळी सामान आणायचा कंटाळा केला, उद्या आणू म्हटले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता पिशवी घेऊन बाहेर पडले, तर अख्ख्या गल्लीत एका मांजराखेरीज कुणी नव्हते. त्या दिवशी मी मनातल्या मनात साऱ्या फ्रेंचांना आळशी ठरवून टाकले. गल्लीतली सगळी माणसे त्या वेळी घराघरांत जेवायला बसलेली होती आणि ते जेवण शुक्रवारपासून कुणाच्या तरी डोक्यात शिजत होते, हे कळायला मला पुढचे सहा महिने लागले.

तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर त्या सहा महिन्यांतून आलेले आहे. हो, शिकता येते. पण तुम्ही ज्याला ‘नुसते बसून राहणे’ म्हणता, ते खालचे दांपत्य करत नाही. त्यांच्या रविवारला एक खुंटी आहे, ती म्हणजे दुपारचे जेवण, आणि बाकीचा सारा दिवस त्या खुंटीला सैलसर टांगलेला असतो. सकाळ त्या जेवणाकडे जाते, दुपार त्यात जाते आणि संध्याकाळ ते जिरवण्यात जाते. तुमच्या रविवारात मात्र एक तर वीस कामे असतात किंवा एकही नसते. वीस कामांचा दिवस दमवतो आणि बिनकामाचा दिवस खायला उठतो. हे पुण्यात घडले असते, तुलूझमध्येही घडते आहे.

हा निवांतपणा फ्रेंच माणसाच्या रक्तात असतो, असे मात्र समजू नका. तो कायद्यात आहे आणि तिथे तो भांडून आणावा लागला आहे. याच देशाने राज्यक्रांतीच्या काळात रविवार रद्द करून पाहिला होता: १७९३ मध्ये आलेल्या नव्या पंचांगात आठवडा दहा दिवसांचा झाला आणि विश्रांतीचा वार दहाव्या दिवशी गेला. लोकांच्या ते अंगवळणी पडले नाही आणि बारा वर्षांनी ते पंचांगच मोडीत निघाले. पुढे परतलेल्या राजेशाहीने १८१४ मध्ये धर्माच्या नावाने रविवारी कामबंदी घातली, तर प्रजासत्ताकाने १८८० मध्ये ती उठवली. मग कामगाराला सुटीचा असा दिवसच उरला नाही. १९०६ च्या मार्च महिन्यात उत्तर फ्रान्समधील कुरिएरच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन १,०९९ जण मेले, देशभर संप उसळले आणि त्या वर्षीच्या १३ जुलैला आठवड्यातून सलग चोवीस तासांची, तीही रविवारी, सुटी देणारा कायदा झाला. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुटी मिळवून दिली ती १८९० मध्ये, म्हणजे फ्रेंचांच्या या कायद्याच्या सोळा वर्षे आधी. तेव्हा रविवारी नुसते बसल्यावर अपराधी वाटू लागले, तर ज्यांनी हा वार मिळवला त्यांत आपलीही माणसे होती, एवढे आठवले तरी पुष्कळ आहे.

त्या कायद्याचा सांगाडा आजही उभा आहे. खाद्यपदार्थांच्या दुकानांना साधारणपणे दुपारी एकपर्यंत नोकरांकरवी दुकान चालवता येते. इतर दुकानांना महापौरांच्या परवानगीने वर्षातले मोजके रविवार उघडता येतात आणि २०१५ च्या कायद्याने त्यांची कमाल संख्या पाचावरून बारावर नेली. त्यावर तेव्हा मोठे रणकंदन झाले. मी हे सांगते आहे ते अशासाठी की तुम्हाला जी अडचण वाटते, बंद दुकान, तीच त्या निवांतपणाची भिंत आहे. खरेदीला जाता येत नाही म्हणून माणसे एकमेकांकडे जातात. अर्थात सगळेच फ्रेंच असे जगतात, असेही चित्र मी रंगवणार नाही. रविवारी दुपारी यंत्रावर आपणच पैसे चुकते करायची मोठी दुकाने आता पुष्कळ ठिकाणी उघडी असतात, परिचारिका आणि बसचालक कामावर असतात, कित्येक घरांत जेवणाच्या टेबलावर सासू-सुनांची धुसफूस चालते आणि रविवारी संध्याकाळी दाटून येणाऱ्या उदासीला त्यांच्या भाषेत स्वतंत्र नावसुद्धा आहे. बाल्कनीतले तीन तास तुम्हाला वरून दिसतात. खालचे स्वयंपाकघर दिसत नाही.

म्हणून सुरुवात शनिवारपासून करा. कपडे, इस्त्री, सामान, डाळ-तांदळाची भरणी, आठवड्याच्या भाज्यांची चिराचिरी हे सारे शनिवारी दुपारपर्यंत संपले पाहिजे आणि त्यात पतींचा व मुलाचा वाटा ठरलेला असला पाहिजे, कारण एकटीने ओढलेला शनिवार रविवारी पाठ धरून बसतो. भिंतीला भोक पाडायचे असेल, काही ठोकायचे असेल, तर तेही शनिवारीच. तिथल्या बहुतेक गावांत रविवारी यंत्रांचा आवाज सकाळच्या एक-दोन तासांपुरताच चालतो आणि शेजारी एरवी कितीही गोड असले तरी या बाबतीत क्षमा करत नाहीत. शनिवारी उरले ते सोमवारी, रविवारी नाही. ही एक ओळ फ्रीजवर चिकटवून ठेवायला माझी हरकत नाही.

भारतातल्या फोनांचे काय करायचे, हा नाजूक भाग आहे, कारण त्यात माया आहे. तुमच्या पत्रावरून मला दिसते ते असे की सकाळी तुम्ही फोन घेता तेव्हा तिकडे दुपार झालेली असते. एकाची जेवणे उरकली की दुसऱ्याची सवड होते आणि एका फोनाला जोडून चार फोन येत राहतात. त्यापेक्षा संध्याकाळची वेळ धरा. तुलूझमध्ये पाच वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात, घरची जेवणे आटोपलेली असतात आणि आई-बाबा निवांत बसलेले असतात. त्यांना तसे एकदाच नीट सांगा. त्यात दुसराही एक फायदा आहे: रविवारची संध्याकाळ, जी परदेशात सर्वांत जड जाते, ती ओळखीच्या आवाजांनी भरून निघते आणि सकाळ तुमची उरते.

आता सकाळ. रविवारी उशिरा उठण्याला फ्रेंच लोक ‘ग्रास मातिने’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘गलेलठ्ठ सकाळ’, आणि ती खुशाल घ्या. मात्र तुमच्या शहरात ती साडेनवाच्या पुढे लांबवणे हा स्वतःवरच अन्याय आहे, कारण रविवारी सकाळी सेंतोबँ चर्चभोवती भरणारा बाजार दुपारी एकच्या सुमारास उठू लागतो. तुम्ही सव्वा वर्षात तिथे गेल्याचा उल्लेख पत्रात नाही, याचे मला आश्चर्य वाटले. रस्ते ओस असतात असे तुम्ही म्हणता. ती सगळी माणसे त्या वेळी तिथे असतात. सें-सेर्नँ बासिलिकेच्या (जुन्या मोठ्या चर्चच्या) परिसरात रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजारही असतो. जुनी तांब्याची भांडी, पितळी बिजागऱ्या, तुटक्या बाहुल्या असा पसारा आपल्या जुन्या बाजारांची आठवण करून देतो. पण तिथे नंतर कधी जा. एका सकाळी दोन बाजार म्हणजे पुन्हा उरकणे आलेच.

बाजारात जायची रीत आहे. पिशवी किंवा वेताची टोपली घ्या, यादी नेऊ नका. आधी एक फेरी नुसती बघण्याची मारा, काही विकत न घेता. दुसऱ्या फेरीत घ्या. प्रत्येक विक्रेत्याला आधी ‘बोंजूर’ म्हणायचे आणि मगच बोलायला सुरुवात करायची. हा शब्द वगळून थेट भाव विचारलेला तिथे उद्धटपणा ठरतो. मंडईत आपण भेंडीचे टोक मोडून पाहतो, टोमॅटो दाबून पाहतो; तसे तिथे सहसा करत नाहीत, माल विक्रेताच काढून देतो. उन्हाळ्यात खरबूज मागितले की तो विचारतो, ‘आजसाठी की उद्यासाठी?’ आणि तुम्ही ‘आज दुपारसाठी’ म्हटले की चार फळे हुंगून एक निवडून देतो. मला या एका प्रश्नात त्यांचा सगळा रविवार दिसतो. एप्रिलमध्ये शतावरीच्या जाड पांढऱ्या कोंबांच्या जुड्या आणि स्ट्रॉबेरी, ऑगस्टमध्ये ओबडधोबड टोमॅटो, ऑक्टोबरमध्ये चेस्टनट आणि रानातल्या अळंब्या, जानेवारीत कांद्याच्या पातीची थोरली बहीण शोभावी अशी लीक, असा हा बाजार महिन्यागणिक बदलतो आणि त्या दिवशी काय शिजवायचे, हे तिथे जे चांगले दिसेल त्यावरून ठरते. निघताना विक्रेता ‘बाँ दिमाँश’ म्हणेल, म्हणजे ‘रविवार छान जावो’. तुम्हीही म्हणा. आठवड्याभरात तुमच्याशी कुणी बोलत नाही असे वाटत असेल, तर आठ ठेल्यांवर आठ वेळा हा शब्द ऐकणे हे कमी नसते.

शाकाहारी माणसासाठी एक सावधगिरीची सूचना. बाजारात सळईवर फिरणाऱ्या कोंबड्यांचा वास दूरवर येतो. रविवारी भाजलेली कोंबडी नेणे हा जुना रिवाज आहे आणि दर रविवारी प्रत्येक शेतकऱ्याच्या हंडीत कोंबडी असावी असे चौथा आन्री राजा म्हणाल्याची आख्यायिका तिथे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या कोंबड्यांच्या खाली परातीत सोनेरी बटाटे ठेवलेले असतात आणि ते फार मोहक दिसतात. त्यांच्यावर वरून कोंबडीची चरबी ठिबकत असते. ते घेऊ नका. मी ल्योंमध्ये दोन महिने ते आवडीने खाल्ले आणि नंतर कळल्यावर आईला ते कधीच सांगितले नाही. परत येताना बेकरीत थांबून पाव घ्या आणि मुलाला चॉकलेट भरलेला गोड पाव घेऊन द्या. पॅरिसमध्ये त्याला ‘पँ ओ शोकोला’ म्हणतात, तुमच्याकडे नैर्ऋत्येत ‘शोकोलातीन’. तुलूझमध्ये पॅरिसचा शब्द वापरलात तर बेकरीवाली हसून दुरुस्ती करण्याची शक्यता आहे आणि मुलाला तो वाद फार आवडेल.

जेवणाकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी गाठ तिथे आहे. सहकाऱ्याच्या घरी चार वाजता तुम्ही अवघडून उठलात, कारण तुमच्या हिशेबाने जेवण दोनला संपायला हवे होते. आपली पंगत आणि त्यांचे टेबल यांचे घड्याळ निराळे आहे. आपल्याकडे मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सारे पान एकदम वाढलेले असते, चवींचा मेळ जेवणारा आपल्या हाताने घालतो आणि भात संपला की पान संपले. त्यांच्याकडे पदार्थ एकामागून एक येतात. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंचांच्या सणावाराच्या भोजनाची नोंद अमूर्त वारशात केली, त्यातही हा क्रमच सांगितला आहे: आधी पेय आणि चिमूटभर खारे, मग सुरुवातीचा पदार्थ, मग मुख्य पदार्थ भाज्यांसह, मग चीज, मग गोड. दोन पदार्थांच्या मध्ये ताटल्या उचलल्या जातात आणि त्या वेळात बोलणे चालते; खरे तर बोलण्यात सोयीच्या जागा मिळाव्यात म्हणूनच पदार्थांची अशी फोड केलेली आहे, असे मला वाटते. चार वाजता तुमच्यापुढे बहुधा चीज होते. गोड पदार्थ यायचा होता, त्यानंतर कॉफी. तुम्ही उठलात ते आपल्याकडे वरणभात होऊन ताक यायच्या आधी उठण्यासारखे झाले. त्या सहकाऱ्याला राग आला असेल असे मला वाटत नाही. आपला स्वयंपाक फसला की काय, अशी शंका मात्र त्याच्या पत्नीला आली असेल. त्यांना एकदा घरी बोलावले की ती फिटेल.

याच क्रमाने घरचा रविवार रचून पाहा. नवीन काही शिकायची गरज नाही. काकडीची कोशिंबीर आणि पाव पहिल्यांदा, तेवढेच, मग मसालेभात आणि टोमॅटोचे सार, मग हवे तर एखादे चीज, मग फळ. एरवी वीस मिनिटांत संपणारे तेच जेवण असे तुकड्यांनी वाढले की दीड तास चालते, हे मी स्वतः पाहिले आहे. दोन गोष्टी पाळाव्या लागतील. पहिली, तुम्ही टेबलापाशी बसलेल्या असल्या पाहिजेत. गरम पोळ्या लाटत ओट्याशी उभी राहणारी गृहिणी आणि टेबलाशी जेवणारे बाकीचे, अशी आपल्याकडची मांडणी त्या जेवणाचा जीवच काढून घेते. म्हणून रविवारी पोळ्या नकोत, पाव आहेच. दुसरी, फोन दुसऱ्या खोलीत. मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो दीड तास बसणार नाही आणि फ्रेंच मुलेही बसत नाहीत; दोन पदार्थांच्या मध्ये त्याला उठून खेळू द्या आणि पुढचा पदार्थ आला की ‘आ ताब्ल’, म्हणजे ‘टेबलाशी या’, अशी हाक मारा. हा खेळ त्याला दोन रविवारांत जमेल.

जेवण झाल्यावर काय, हा प्रश्न आपल्या भाषेने आधीच सोडवलेला आहे, कारण वामकुक्षी आणि शतपावली हे दोन्ही शब्द आपल्याकडे आहेत. फ्रेंच लोक शतपावली जरा लांब करतात, इतकेच. तुमच्या शहरात त्यासाठी मिदीच्या कालव्यासारखी दुसरी जागा नाही. प्येर-पॉल रिके या मिठाच्या कराचा वसूलदार असलेल्या माणसाने हा कालवा खणण्याचे काम १६६६ च्या सुमारास हाती घेतले, त्यात आपली संपत्ती घातली आणि १६८१ मध्ये कालवा सुरू होण्याच्या काही महिने आधी तो वारला. तुलूझहून समुद्राकडे निघालेला हा कालवा २४० किलोमीटर लांब आहे आणि १९९६ पासून जागतिक वारशात आहे. काठच्या प्लेन वृक्षांना गेल्या वीसेक वर्षांत बुरशीच्या रोगाने ग्रासले आहे, हजारो झाडे तोडावी लागली, त्यामुळे पुढे गेल्यावर सावली तुटक होते. तुम्हाला फक्त सेंतोबँच्या जवळून काठावर उतरायचे आहे, तासभर चालायचे आहे आणि परत यायचे आहे. कुठे पोहोचायचे नाही. पतींना हेच सर्वांत कठीण जाईल, म्हणून किती पावले झाली हे मोजणारे घड्याळ त्यांनी घरी ठेवावे. गारोन नदीचा काठ आणि प्रेरी दे फिल्त्रची हिरवळ पुढच्या रविवारांसाठी राहू द्या.

पतींविषयी थोडे. परदेशातली नोकरी किती दिवस टिकेल याची खात्री नसते, तेव्हा जमेल तेवढा युरोप पाहून घ्यावा, ही त्यांची घाई मला समजते आणि ती चुकीचीही नाही. पण महिन्यात चार रविवार असतात. एक प्रवासाला द्या, एक तुमच्या मराठी मित्रमंडळींना द्या आणि दोन घरचे ठेवा. पहाटेच्या गाडीने जाऊन सहा शहरे पाहिलेल्या मुलाला दहा वर्षांनी काय आठवेल, हे मी सांगू शकत नाही. खरबूजवाल्याने मात्र त्याला नावाने हाक मारायला सुरुवात केली असेल, तर ते त्याला नक्की आठवेल.

आता तुमची अपराधी भावना. तिला मी खोटी म्हणणार नाही. ‘रिकामटेकडा’ ही शिवी ऐकत आपण वाढलो, घरातली बाई बसलेली दिसली की कुणी तरी काम सांगणारच हे पाहत वाढलो आणि ती सवय विमानतळावर उतरवून ठेवता येत नाही. पण तुमच्या पत्रात मला त्याहून वेगळी एक गोष्ट दिसली. तुम्ही खालच्या दांपत्याच्या निवांतपणाचा हेवा वाटतो असे लिहिले आहे. मला वाटते, तुम्हाला त्यांच्या टेबलाचा हेवा वाटतो. फ्रेंच रविवार कुटुंबाचा असतो आणि तो दाराआड घडतो. ज्याचे कुटुंब सात हजार किलोमीटरवर आहे त्याला रस्त्यावर फक्त बंद खिडक्या दिसतात. त्यावर एकटीने शिकण्यासारखे फारसे काही नाही. कुणी तरी दार उघडावे लागते आणि तुमच्या सुदैवाने ते उघडले आहे.

तर पुढच्या रविवारविषयी, अगदी बारीकसारीक. आजच जिना उतरून बाईंना सांगा की आम्ही मांस, मासे आणि अंडी यांपैकी काय खात नाही. हे आधी सांगण्यात संकोच करू नका, ऐन वेळी टेबलावर सांगितले तर त्यांना अधिक वाईट वाटेल. ‘शाकाहारी’ एवढाच शब्द पुरेसा नसतो, कारण पुष्कळांच्या लेखी मासा भाजीच्याच बाजूला बसतो. रोकफोरसारख्या बहुतेक पारंपरिक चीजांत कोकरू किंवा वासरू अशा कोवळ्या जनावराच्या जठरातून काढलेले विरजण असते. तुम्ही ते पाळत असाल तर तेही सांगा, पाळत नसाल तर विषय काढू नका. मद्य घेत नसल्याचे कारण कुणी विचारणार नाही, फळांचा रस मागा. साडेबाराचे निमंत्रण म्हणजे साडेबारा नव्हे. पाहुण्याने दहा-पंधरा मिनिटे उशिरा यावे हा संकेत आहे आणि तुमच्या शहरात तर त्याला ‘तुलूझचा पाव तास’ असे नावच आहे. मी ल्योंमध्ये एकदा बाराच्या ठोक्याला पोहोचले, तर यजमान बाईंनी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून दार उघडले. फुले नेणार असाल तर शेवंती नको, ती तिथे कबरीवर वाहतात.

जेवताना पाव ताटलीत न ठेवता टेबलावरच ठेवायचा असतो आणि चीजचे तबक बहुधा एकदाच फिरते, तेव्हा हवे तेवढे त्याच वेळी घ्या. कुणी आग्रह करणार नाही. हे आपल्या मनाला लागते, ‘अजून घ्या’ असे कुणी म्हटलेच नाही म्हणून आपण उपाशी उठतो. पण तिथे ‘नको’ म्हणजे नको आणि ‘हो’ म्हणजे हो. कॉफी येऊन गेल्यावर अर्ध्या तासाने उठा, त्याआधी नाही.

गोड पदार्थ आम्ही आणतो, असे त्यांना आजच सांगून ठेवा आणि श्रीखंड करा. चक्का लावायला दह्याची शोधाशोध नको: तिथल्या दुकानात मिळणारे भरपूर साईचे, दह्यासारखे मऊ ‘फ्रोमाज ब्लाँ’ घ्या, पातळ कापडात बांधून शनिवारी रात्रभर फ्रीजमध्ये जाळीवर निथळत ठेवा, सकाळी साखर घालून फेटा, वर केशर आणि वेलची. साखर नेहमीपेक्षा निम्मी घाला, त्यांना फार गोड चालत नाही. ते काचेच्या चांगल्या भांड्यात न्या आणि परत येताना भांडे तिथेच विसरून या. ते परत करायला बाईंना एक जिना चढून वर यावे लागेल.